पहिल्या पानावरची पेन्सिल

रत्नमाला वायदंडेचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या खिडक्या लावत होतो. पोस्टमनने निळं अंतर्देशीय टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "अष्टेकर, आज जाड पाकीट नाही. म्हणजे साभार परत नाही." मला प्रकाशकाशिवाय कुणाची पत्रं येत नसत, हे गावाला माहीत होतं.

पत्र मी उभ्यानेच वाचलं. नऊ ओळी होत्या. शेवटच्या ओळीत एक प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. मी पत्राची घडी केली, शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवली आणि खिडक्या लावून घरी गेलो. त्याला आता चौतीस वर्षं झाली. मी ब्याऐंशीचा आहे. गोष्टी रचून सांगण्याची सवय असल्यामुळे ही तरी सरळ सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही.

कोरेगव्हाण तालुक्याचं गाव. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. दुपारी वाचनालय बंद असायचं तेव्हा मी रहस्यकथा लिहीत असे. आमच्या गावात खून होत नसत, म्हणून माझ्या पुस्तकांतही होत नसत. हरवलेला पोपट, चोरीला गेलेली शेळी, कुणीतरी मुद्दाम सोडून दिलेली कबुतरं, अशी प्रकरणं. ती सोडवायच्या शिवणकाम करणाऱ्या भागीरथीबाई आणि कापडाच्या तुकड्यांवर झोपणारी त्यांची मांजर चिंधी. चिंधीचा एकच गुण होता. ती गुन्हेगाराच्या घराचा उंबरा ओलांडत नसे.

शहाण्णव पानांची अशी आठ पुस्तकं छापून आली होती. आमच्या वाचनालयात ती कुणी नेत नसे. आतल्या कार्डावर तीन-चार तारखा असायच्या. त्यातल्या दोन माझ्या बायकोच्या, सुलभाच्या.

"मी नेते म्हणजे वाचते असं समजू नका हं," ती म्हणायची. "कार्ड रिकामं दिसू नये म्हणून नेते."

खरी वाचक एकच होती, रत्नमाला. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील अंबादास वायदंडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. डॉक्टर आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर असत, त्यामुळे गावातल्या गाई-म्हशींचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर म्हणजे वायदंडेच.

त्या पत्राच्या दोन वर्षं आधी उन्हाळ्यात वीस दिवसांत पेठेतली तीन कुत्री मेली. आधी कापडवाल्या ओसवालांची पांढरी पॉमेरियन, मग तलाठ्यांचा कुत्रा, आणि शेवटी नाझरे बाईंचा राजा. नाझरे बाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि वाचनालयाच्या अध्यक्ष. लग्न केलेलं नव्हतं. राजा अकरा वर्षं त्यांच्या पायाशी होता. तो गेला त्या दिवशी वायदंडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी रस्त्यावरून जाताना पाहिलं. वायदंड्यांचा शर्ट ओकारीने भरला होता आणि ते त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते.

कुणी विष घातलं, यावर महिनाभर चर्चा झाली. मग पावसाळा आला, पेरण्या आल्या आणि लोक विसरत गेले. मी विसरलो नाही. इतकी वर्षं मी पोपट हरवत होतो, आणि इथे गावाने मला खरं रहस्य आणून दिलं होतं.

एक दिवस मी दवाखान्यात गेलो. वायदंडे एका काळ्या कुत्र्याच्या पायाची पट्टी बदलत होते. कुत्र्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता.

"हा कुणाचा?"

"आमचाच. टिकल्या. एस.टी.खाली सापडला, तवापासून घरी हाय. या की साहेब, बसा. बाक पुसलाय."

"वायदंडे, कुत्र्याला कळू न देता गोळी कशी देता हो?"

ते हसले. "कळल्याशिवाय कशी देणार? त्याला कळतंच. त्याला फक्त माणूस पटायला लागतो."

त्यांनी करून दाखवलं. डावा अंगठा सुळ्याच्या मागे सरकवायचा, उजव्या हाताने गळा वरून खाली तीनदा कुरवाळायचा, मग नाकावर हलकी फुंकर. टिकल्याने गोळी गिळली आणि त्यांचा अंगठा चाटला.

"पुस्तकात घालणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"घालू का?"

"घाला की. आमची रत्ना म्हणती, चिंधीच्या पुस्तकात आमच्या अण्णांसारखं कुणीच नाही. फक्त नाव चांगलं ठेवा. वायदंडे नको, कोण वाचणार!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. मीही हसलो.

मी त्यांचं नाव घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं. अंगठा, तीनदा कुरवाळणं, फुंकर, ओसरीवरची मांडी, हळू आवाज. माझ्या नवव्या पुस्तकात कुत्र्यांना विष घालणारा माणूस जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर निघाला. रहस्यकथेचा नियमच तसा असतो. ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही, तो. माझ्या मते तो वायदंड्यांचा गौरव होता. असं मी सुलभाला म्हणालोही.

ती हस्तलिखित वाचून म्हणाली, "अहो, पण हे वायदंडेच आहेत."

"गोष्ट आहे ती."

"ते तुम्हाला माहीत आहे हो."

पुस्तक दिवाळीनंतर आलं. एक प्रत मी शिक्का मारून वाचनालयात ठेवली.

आमच्या वाचकांना एक वाईट सवय होती, ती इथे सांगायला हवी. रहस्यकथा वाचून झाली की कुणीतरी पहिल्याच पानावर गुन्हेगाराचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवायचं. 'खुनी: मॅनेजर.' 'चोर: धाकटी जाऊ.' पुढच्याची मजा घालवण्यात एक मजा असते. दर शनिवारी परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी बसायचो आणि खोडरबराने ती नावं पुसायचो. पंधरा वर्षं हे काम मी न चुकता केलं होतं. माझ्या आठ पुस्तकांवर मात्र कुणी कधी काही लिहिलं नव्हतं.

नवव्या पुस्तकाचं वेगळंच झालं. पहिले दहा-बारा दिवस ते कपाटात पडून होतं. मग एकदम मागणी सुरू झाली. पंधरवड्यात रांगेत दहा नावं, मग सव्वीस, मग एक्केचाळीस. मोठमोठ्या लेखकांच्या कादंबऱ्यांनाही आमच्याकडे एवढी रांग लागली नव्हती. बाजारात लोक मला थांबवून नमस्कार करू लागले. केस कापायला गेलो तर न्हावी म्हणाला, "लेखक, आधी तुम्ही बसा." मला ते आवडलं. फार आवडलं.

एक दिवस नाझरे बाई स्वतः पुस्तक परत द्यायला आल्या. काठी टेबलाला टेकवून म्हणाल्या, "अष्टेकर, पहिल्यांदाच खरं लिहिलंत."

"बाई, गोष्ट आहे ती."

"गोष्टी आम्हीही वाचल्यात. तो अंगठा कुणाचा, ते शेंबडं पोरही सांगेल."

"पण बाई, राजाजवळ तो माणूस दिवसभर बसून होता."

"तेच म्हणते मी. का बसला होता?"

बाईंनी अकरा वर्षांचं माणूस गमावलं होतं. त्यांना नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. जाताना दारात वळून म्हणाल्या, "भाषा मात्र चांगली झालीय हं." त्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो, हेही लिहून टाकतो.

गावाने वायदंड्यांना मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. लोक डॉक्टर असतील त्याच दिवशी जनावर आणू लागले. वायदंडे पुढे झाले की दोर मागे ओढायचे. "तुम्ही नको, डॉक्टरसाहेबांना येऊ दे." ओसवालांच्या घरात नवं पिल्लू आलं होतं. वायदंडे सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले, तर ओसवालांच्या सुनेने पिल्लू पदराखाली घेतलं. हे मला वायदंड्यांनीच सांगितलं. ते वाचनालयात आले होते, पायऱ्यांवर चपला काढून.

"चपला कशाला काढल्या? आत या."

"असू दे. साहेब, एक काम होतं. पोरीनं वाचून दाखवलं मला पुस्तक. झ्याक लिवलंय. फुंकरसुद्धा घातली तुम्ही." थोडा वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. "पण तुम्ही एकदा सांगा की लोकांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"की गोष्ट हाय म्हणून. दुसरं काही नको."

"सांगतो."

"सभा हाय न्हवं पुढच्या रविवारी? तिथं सगळेच असतात."

"सभेत सांगतो, वायदंडे."

ते माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांचे हात धरले. ते हात मी चांगले ओळखत होतो. चार पानं भरून मी त्यांचं वर्णन केलं होतं.

सभेला साठ माणसं होती. नाझरे बाई अध्यक्षस्थानी. शेवटी त्या म्हणाल्या, "ग्रंथपालांना काही बोलायचंय म्हणे." मी उठलो. दाराबाहेर पायरीवर वायदंडे उभे दिसले. मी जुन्या पुस्तकांच्या बांधणीबद्दल चार वाक्यं बोललो आणि बसलो. टाळ्या झाल्या. बाहेर पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती.

चौथ्या दिवशी रत्नमाला आली. दुपारनंतर वाचनालय नुकतंच उघडलं होतं, आत कुणी नव्हतं. तिने नववं पुस्तक मागितलं. नेमकं ते त्या दिवशी परत आलं होतं. तिने उभ्याने पहिलं पान उघडलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

'खरा गुन्हेगार: वायदंडे.'

"काका, मी घरी वाचलं ती आमची विकत आणलेली प्रत होती," ती म्हणाली. "इथल्या प्रतीवर हे आहे, ते मला काल मैत्रिणीनं सांगितलं. सगळ्या गावाला माहीत आहे. लोक पुस्तकासाठी रांग लावत नाहीत, या पानासाठी लावतात."

मी रांगेची वही मिटली.

"अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर वळणदार होतं, पण नाझरे बाईंनी निम्म्या गावाला तसंच वळण लावलं होतं. मी तसं सांगितलं.

ती पान खिडकीकडे धरून निरखत राहिली. चिंधीची आठही पुस्तकं वाचलेली मुलगी ती. "शेवटची दोन अक्षरं गडद आहेत," ती म्हणाली. "दोनदा लिहिल्यासारखी." मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुम्ही तर दर शनिवारी खोडता. हे तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "नजरेतून सुटलं."

"खोडा मग."

मी तिच्यासमोर खोडरबर घेतला. बाकीची अक्षरं लगेच गेली. शेवटची दोन निघायला वेळ लागला. कागद हलका होता, नाव गेलं तरी त्याचा ठसा राहिला. पान तिरकं धरलं की वाचता यायचं. तिने तिरकं धरून पाहिलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली.

संक्रांतीच्या सुमारास वायदंड्यांनी बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढवताना टिकल्या दोर तोडून पळाला. शोधला, सापडला नाही, टेम्पो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडायला गेलो तर तो पायरीवर बसला होता, जिथे वायदंड्यांनी चपला काढल्या होत्या तिथे. मी भाकरी टाकली. त्याने हुंगली नाही. रोज मी येण्याआधी तो आलेला असायचा आणि मी कुलूप लावून गेलो तरी बसलेला असायचा. भुंकायचा नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघायचा. गावातली पोरं त्याला भाकरी घालत, ती तो खायचा. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस तो आला नाही. पुन्हा कुणाला दिसला नाही. मात्र फरशीवर नखं वाजल्यासारखा आवाज मला अजून येतो, आणि मी जाऊन दार उघडून बघतो. सुलभा होती तोवर ती विचारायची, "कोण आहे?" मी म्हणायचो, "वारा."

त्याच उन्हाळ्यात डॉक्टर वाचनालयात पेपर वाचायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "राजाच्या पोटातला नमुना तपासायला पाठवला होता, त्याचा अहवाल आला बरं का, वर्षानं! उंदरांचं औषध. तेव्हा मार्केट यार्डातल्या गोदामांत घातलं होतं ना, मेलेले उंदीर पेठेच्या गटारात टाकायचे. तिन्ही कुत्र्यांनी तेच खाल्लं असणार."

"म्हणजे कुणी..."

"कुणीच नाही हो. कोण कशाला मारील?"

मी हे कुणाला सांगितलं नाही. नाझरे बाईंनाही नाही. रहस्याचा उलगडा माझ्या हातात होता आणि त्यात गुन्हेगारच नव्हता.

दहावं पुस्तक मी लिहायला घेतलं. भागीरथीबाई यायच्या, बोलायच्या. पण चिंधीला घरात आणायचं म्हटलं की वाक्य पुढे जात नसे. डोळे मिटले की ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसलेली दिसायची. मी वाट पाहायचो. ती आत येत नव्हती. महिनाभर प्रयत्न केला आणि लेखणी बंद केली.

पुढच्या वर्षी ते पत्र आलं. ते असं होतं:

'काका, सा. न. अण्णा मागच्या आठवड्यात गेले. इथल्या दवाखान्यात त्यांनी शेवटपर्यंत काम केलं, पण कुत्र्याला हात लावला नाही. कुणी आणलं तर दुसऱ्याला पुढे करायचे. तुमच्यावर त्यांचा राग नव्हता. सभेत तुम्ही बोलला नाहीत, तरी म्हणायचे, साहेब भिडस्त आहेत. ते पान तुम्ही पाहिलं असतं तर खोडलंच असतं, असं ते शेवटच्या दिवशीही म्हणाले. मी त्यांना हो म्हटलं. आता ते नाहीत, म्हणून विचारते. खरंच पाहिलं नव्हतं का?'

मी उत्तर दिलं नाही. आधी आठवडाभर, मग वर्षभर, मग कधीच नाही. पत्ता बदलला असेल, लग्न झालं असेल, विसरली असेल, अशी कारणं मला पुरत गेली.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी नवी प्रकाशनसंस्था काढली होती. "सर, छोट्या गावातल्या, पाळीव प्राण्यांच्या साध्यासुध्या रहस्यकथा आता लोकांना परत हव्यात. तुमची चिंधी आम्हाला काढायचीय. सुरुवात नवव्या पुस्तकानं करू. ते सगळ्यात जिवंत आहे."

"ते नको," मी म्हणालो.

"का, सर? त्यातला तो ड्रेसर काय उतरलाय! खरा माणूस वाटतो."

"कारण नंतर सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. कारण सांगायचं तर ते आधी कुणाला सांगायला हवं, हे मला कळत होतं.

रत्नमालेचा पत्ता शोधायला तीन फोन लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि जतजवळ राहत होती. चौतीस वर्षं मी स्वतःला सांगत होतो की पत्ता सापडणार नाही. पाऊण तासात सापडला.

पत्र लिहायला नऊ दिवस लागले. आठ मसुदे फाडले, कारण प्रत्येकात मी कसा माणूस आहे हे समजावून सांगत होतो. नववा असा झाला:

'रत्नमाला, सा. न.

हो. पाहिलं होतं. तू विचारलंस त्याच्या महिनाभर आधी, एका शनिवारी. खोडरबर हातात होता. तेवढ्यात रांगेची वही उघडी दिसली. त्या एका दिवसात सहा नावं वाढली होती. ती कशामुळे वाढली ते मला समजलं. मी पुस्तक मिटलं आणि पुढच्या माणसाला दिलं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देणं आहे. तू तो पत्रात विचारला नाहीस, पण तेव्हा ते पान हातात धरून विचारला होतास, अक्षर कुणाचं म्हणून. बोटं लागून लागून नाव पुसट झालं होतं. शेवटची दोन अक्षरं वाचता येत नव्हती. ती मी गिरवली. माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीने, नाझरे बाईंच्या वळणात.

कुत्री उंदरांच्या औषधाने मेली, हे मला तुम्ही गाव सोडलंत त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं. तेही मी कुणाला सांगितलं नाही. आता वाचनालयाच्या फलकावर अहवालाची हकीकत आणि माझं नाव घालून कागद लावला आहे. वाचायला जुनी माणसं फार उरलेली नाहीत.

अण्णांना तू हो म्हणालीस ते बरं केलंस. मला काही लिहू नकोस.

मुकुंद अष्टेकर'

काल सकाळी मी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"काका, पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय."

मी तिथेच उभ्याने लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण माझंच होतं.

"फोन नंबरही घाला. उत्तर यायचं असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "हेच उत्तर आहे."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.